आंबा पाठवू की रील बनवू? हंगामात सोशल मीडियावर नेमकं काय टाकावं

कातळावरचा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, आजोबांनी कातळात सुरुंग लावून, माती भरून उभी केलेली. पूर्वी सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऐन एप्रिलात सगळं अडलं, तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांना थेट पेट्या पाठवल्या. तिथून हा घरपोच विक्रीचा नाद लागला तो लागलाच. आता जवळपास निम्मा माल थेट जातो.

आंब्याचं कसं करायचं ते कळतं, मोबाइलचं कळत नाही. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, रोज एक रील पडलीच पाहिजे, नाहीतर इन्स्टा तुला विसरतं. गेल्या हंगामात त्याचं ऐकलं. एका रीलमध्ये मी आणि दोन गडी कलमाखाली नाचलो (हसू नका). सव्वा लाख लोकांनी बघितली. तिच्यावरून ऑर्डरी आल्या तीन, त्यातली एक रायपूरहून, जिथे आमचं पार्सल जातच नाही. आणि एका संध्याकाळी वैतागून, ओटीवर पसरलेल्या आंब्यांचा साधा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'पाच डझनी ११ पेट्या उद्या निघतील.' रात्री जेवायला बसायच्या आत अकराही गेल्या.

आता हंगाम तोंडावर आलाय. पहाटे तोडणी, दुपारी वर्गवारी, संध्याकाळी पेट्या भरणं. मोबाइलला फार तर अर्धा तास मिळतो, तोही चिकाच्या हातांनी. त्या अर्ध्या तासात काय करू? रील, फोटो, स्टेटस, यूट्यूब, फेसबुक, लाइव्ह? सगळं जमणार नाही एवढं नक्की आहे. ज्यांचा काही धंदा आहे त्यांनी अनुभव सांगा.

ता. क. ही जाहिरात नव्हे. दर विचारू नका, इथे सांगणार नाही.

पेठेतला_पाहुणा

दर काय?

(सवयीने विचारलं गेलं.)

जुना_खोडरबर

आमच्या वेळी बागायतदार पोस्टकार्ड टाकायचे, 'पेटी पाठवत आहे, मनिऑर्डर करावी.' माल चोख असला की गिऱ्हाईक वीस वीस वर्षं हलत नसे. नाचाबिचाची गरज पडली नाही कुणाला.

कातळावरचा

काका, ते पोस्टकार्ड म्हणजेच माझं ते ११ पेट्यांचं स्टेटस झालं की! पण तुमच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मुलं आता बाणेर-हिंजवडीत राहतात आणि त्यांना आमचा पत्ता माहीत नाही.

आकडेमोड

पोटापाण्यासाठी हेच काम करतो (छोट्या दुकानांची, क्लिनिकांची पानं सांभाळतो), म्हणून जरा लांब लिहितो.

तुमची गल्लत अशी झालीय की रील आणि स्टेटस दोघांकडून तुम्ही एकच काम मागताय. रील अनोळखी माणसापुढे जाते. त्याला तुम्ही माहीत नाही, आंबा घ्यायचा त्याचा विचारही नाही, तो बसमध्ये अंगठा फिरवत बसलाय. स्टेटस बघणाऱ्याकडे मात्र तुमचा नंबर आहे, तुमचा आंबा त्याने खाल्लाय, त्याला फक्त 'निघतोय' एवढं कळायला हवं असतं. तेव्हा रीलला तीन ऑर्डरी आल्या म्हणजे रील फुकट गेली असं लगेच म्हणू नका. ती रील मात्र फुकटच गेली, कारण तिच्यात तुम्ही नाचत होता. सव्वा लाख लोकांनी नाच बघितला, आंबा कोणी बघितला?

जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाने रील आणल्या. त्यामुळे रील म्हणजे गाणं लावून अंग हलवायचं, हे डोक्यात बसलंय लोकांच्या. शिवाय पान 'बिझनेस' प्रकारातलं असेल तर सिनेमाची बरीचशी गाणी तिथे लावताच येत नाहीत, आणि कुठून तरी चिकटवली तर आवाज उडतो. तुमच्याकडे बाग आहे. देठ कट्कन तुटून फळ झेल्यात (आंबे काढायच्या जाळीच्या काठीत) पडतं तो आवाज ठेवा. स्टुडिओत बसून तो कुणाला करता येणार नाही.

आणखी एक. स्टेटस फक्त त्यालाच दिसतं ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय आणि तुम्हीही त्याचा केलाय. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण, आणि तिथेही नंबर सेव्ह नसेल त्याला निरोप जातच नाही. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका, 'हा नंबर बागेच्या नावाने सेव्ह करा, पुढची तोडणी कळेल.' रोजच्या रीलपेक्षा या चिठ्ठीने जास्त पेट्या जातील.

खमंग_भाजणी

चिठ्ठीला +१.

मी डोंबिवलीत फराळाचे पदार्थ करते, सात-आठ वर्षं झाली. माझी फजिती सांगते. सुरुवातीला चकलीच्या रेसिपीचे व्हिडिओ टाकले, अगदी मन लावून, भाजणीच्या वाटीवाटीच्या मापासकट. बघणारे वाढले, वा वा झाली, आणि दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घटल्या! बायका माझंच बघून घरी करायला लागल्या होत्या. मी डोक्याला हात लावला. पण नरक चतुर्दशीच्या आधी चार दिवस फोन सुरू झाले, 'ताई, चकली हसतेय (विरतेय) तेलात, तुमची तयार भाजणी मिळेल का?' तेव्हापासून माझी भाजणी चकलीपेक्षा जास्त खपते. आयडीचं नाव उगाच नाही ठेवलं.

तर सांगायचं म्हणजे, काय टाकावं हे मी ठरवायचं सोडून दिलं. फोनजवळ एक वही असते. गिऱ्हाईक जे विचारेल ते लिहायचं. तोच प्रश्न पाच वेळा आला की त्याचा व्हिडिओ. 'तेल कुठलं वापरता' पाच वेळा आलं, मग तेलाचा डबा फोडतानाचा व्हिडिओ. 'अमेरिकेला जातं का' पाच वेळा आलं, मग पॅकिंगचा. 'लायसन आहे का' आलं तेव्हा लेबलवरचा फसाईचा (FSSAI, अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर नीट दिसेल असा फोटो लावला आणि पानावर सगळ्यात वर चिकटवून ठेवला. सुचत नाही म्हणून अडून बसायची वेळच येत नाही.

कातळावरचे भाऊ, तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात?

कातळावरचा

ताई, हे बेस्ट आहे. आठवून लिहितो: देवगड की रत्नागिरी? (रत्नागिरी. आणि हो, चवीत फरक असतो. आणि नाही, भांडू नका.) कार्बाइडचा आहे का? पेटी कधी मिळेल? हिरवा आलाय, पिकणार कधी? फ्रिजमध्ये ठेवू का? साका (आत पांढरा गोळा) निघाला तर?

येवल्याची_सून

आमचं पैठणीचं दुकान आहे, माग घरातच. आमच्याकडे उलटं आहे, लाइव्हशिवाय पान हलत नाही. प्रत्येक साडी वेगळी, एकच नग. लाइव्हमध्ये पदर उलगडला की बायका स्क्रीनशॉट काढून पाठवतात, 'ही माझी.' शिवाय हातमागाची खूण दाखवायला व्हिडिओच लागतो. पदर उलटा करून दाखवायचा, मागून पुढून नक्षी सारखीच, लोंबते धागे नाहीत. यंत्रमागाची उलटी केली की धागे दिसतात. फोटोत हे कळत नाही. उलट रंगाच्या बाबतीत व्हिडिओच दगा देतो, म्हणून सकाळी दारात, उन्हाच्या आडोशाला फोटो काढून वेगळा पाठवते. दुकानातल्या ट्यूबखाली अंजिरी रंग भलताच दिसतो आणि मग साडी परत येते.

आंब्याला लाइव्हचा काय उपयोग होईल कळत नाही. सगळी फळं लांबून सारखीच की.

कातळावरचा

सगळी सारखीच?! ताई, हे तुम्ही आमच्या आईसमोर बोलू नका 😄

पण मुद्दा पटला. लाइव्ह खोडलं.

पेठेतला_पाहुणा

आता गिऱ्हाईक म्हणून खरं सांगतो. दोन वर्षांपूर्वी 'अस्सल देवगड' म्हणून आलेल्या पेटीत वर दोन थर हापूस आणि खाली कर्नाटकचा निघाला. पान एकदम देखणं होतं, ड्रोनने काढलेली बाग, मागे सनई. तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो, हे पान डिसेंबरात काय करत होतं? ज्याची बाग आहे त्याच्याकडे डिसेंबरात मोहोर असतो, जानेवारीत फवारणी, मग अवकाळी पावसाची रड. ज्याच्याकडे नुसतेच खोके आहेत तो थेट मार्चमध्ये उगवतो आणि जूनमध्ये मावळतो. म्हणून मला आंब्याच्या फोटोपेक्षा करपलेल्या मोहोराचा फोटो जास्त खात्रीचा वाटतो. भामटा कशाला करपलेला मोहोर टाकेल?

आकडेमोड

वा! हे मी पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून खपवणार.

कातळावरचा

करपलेला मोहोर हवा तेवढा आहे. यंदा थ्रिप्सनी (फुलकिड्यांनी) पिडलंय. वाटाण्याएवढी कैरी धरली ती सुपारीएवढी होईतो निम्मी गळली. पण हे टाकलं की लोक म्हणणार, दर वाढवायला रडतोय.

त्यावरून आठवलं. मागच्या वर्षी माझा मोहोराचा व्हिडिओ एका अनोळखी पानाने जसाच्या तसा उचलला आणि खाली स्वतःचा नंबर टाकला. त्यावर काय करायचं? कोपऱ्यात बागेचं नाव टाकलं होतं, त्यांनी कातरून टाकलं.

आकडेमोड

चोरीची तक्रार त्या त्या ॲपमध्ये करता येते, मूळ व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये तारखेसकट असतो तो कामी येतो. पण आधीच बंदोबस्त करायचा तर व्हिडिओत तुम्ही बोला. चेहरा नको असेल तर आवाज तरी. 'आज अमुक तारीख, आमच्या वरच्या बागेत आहे, वारा सुटलाय.' कोपऱ्यातलं नाव कातरता येतं, तुमचा रत्नागिरी हेल कसा कातरणार? बोलता ते खाली अक्षरांत येऊ द्या, कारण बरेच लोक आवाज बंद करून बघतात.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढाच प्रदेश. तुम्ही नोंदणी केली असेल तर ते प्रमाणपत्र एकदा दाखवून पानावर वर ठेवून द्या. देवगडच्या सहकारी संस्थेने तर २०२५ पासून फळागणिक यूआयडी स्टिकर सुरू केलाय. स्टिकरचा नंबर ताडून बघायचा कसा, याचा एक छोटा व्हिडिओ म्हणजे तिथल्या बागायतदारांना आयतंच खाद्य आहे.

कातळावरचा

नोंदणी आहे. प्रमाणपत्र कपाटात आहे, बहुतेक आजोबांच्या सातबाऱ्याखाली. काढतो.

आणखी एक प्रश्न. एक खाऊगिरी करणारी मुलगी, बरेच फॉलोअर आहेत, दोन पेट्या फुकट मागते आणि रील करून देते म्हणते. द्याव्यात का?

आकडेमोड

तिचे फॉलोअर कुठले ते आधी विचारा. पुण्या-मुंबईचे नसतील तर त्या दोन पेट्या घरी खा. द्यायच्या ठरल्याच तर 'जाहिरात' असं तिने स्पष्ट लिहायला हवं. पैसे दिले नाहीत, नुसता माल दिला तरी. ॲस्कीचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे) नियम २०२१ पासून तसेच आहेत. मला विचाराल तर त्याच दोन पेट्या दोन मोठ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना द्या.

जुना_खोडरबर

आमच्या सोसायटीत मीच सेक्रेटरी आहे. सहज सांगितलं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. मी ज्यांच्याकडून मागवते त्यांचं इन्स्टा मी कधी उघडूनही बघितलं नाही. मी पेटी मागवते ठाण्याला, आई-बाबांसाठी. मी स्वतः ती बघणार नसते, चाखणार नसते. ते दादा पेटी बंद करायच्या आधी वरून एक फोटो काढतात, त्यात एक चिठोरा असतो, त्यावर बाबांचं नाव आणि तारीख, हाताने लिहिलेली. तो मला येतो. दुसऱ्या दिवशी 'पोचली' एवढा निरोप. बास. गेल्या वर्षी तो चिठोऱ्याचा फोटो मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, तर चौघींनी नंबर मागितला. चौघींचेही आई-बाबा तिकडेच आहेत.

याला तुमच्यात कंटेंट म्हणतात का माहीत नाही.

आकडेमोड

म्हणतात. आणि ते बनवायला वेगळा वेळ लागत नाही, पेटी तर भरतायतच.

पेठेतला_पाहुणा

साक्याचं राहिलं. त्यावर एकही बागायतदार चकार शब्द काढत नाही. वरून सोनं, कापला की आत पांढरा आंबट गोळा. चूक कोणाची?

कातळावरचा

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. लिहितोच.

साका बाहेरून दिसत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, पन्नास वर्षं आंबा हाताळलेल्या माझ्या चुलत्यालाही नाही. उन्हाने तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते. शिवाय फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं की प्रमाण वाढतं. म्हणून १४ आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे पूर्ण व्हायच्या जरा आधी) तयार झालं की काढायचं, पुढचं अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून, होऊ द्यायचं. काढलेला आंबा उन्हात ठेवायचा नाही, सावलीत न्यायचा. एवढं करूनही पेटीत एखाददुसरा निघतोच. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला की आम्ही पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त टाकतो. पण हे जाहीर कसं बोलू? जो आजवर साक्याबद्दल जाणत नव्हता तोही घाबरायचा.

खमंग_भाजणी

तो घाबरणार नाही, त्याला आत्ता वाटतं की तुम्ही नासका आंबा दिलात. तुम्ही आता इथे जे लिहिलंत ना, तेच ओटीवर बसून, हातात साक्याचा आंबा कापून बोला. दीड मिनिट. कसली एडिटिंगही करू नका.

आकडेमोड

इथे मी ताईंशी थोडा असहमत. रील म्हणून नको. अनोळखी माणसाला तुमची पहिली ओळख 'आत पांढरा गोळा' अशी होऊ नये. यूट्यूबला टाका, 'हापूसमध्ये साका का होतो' अशा सरळ नावाने. लोक तिथे आणि गूगलवर दर वर्षी हे शोधतात, रील चार दिवसांत विरते तसं त्याचं होत नाही. आणि पेटी गेली की तीच लिंक व्हॉट्सॲपला.

खमंग_भाजणी

आकडेमोड, तुम्ही कधी स्वतःचं काही विकलंय का? लपवून ठेवलेल्या गोष्टीवरच गिऱ्हाईक तुटतं.

आकडेमोड

लपवा म्हणत नाहीये, कुठल्या दारावर टांगायचं ते सांगतोय. असो. (आणि नाही, फक्त कॉलेजात असताना आकाशकंदील विकले होते.)

कातळावरचा

महिन्याभराने धागा वर काढतोय. हंगाम जोरात आहे, थोडक्यात लिहितो.

काय चालू ठेवलं: तोडणीच्या दिवशी स्टेटस, एक फोटो आणि पेट्यांचा आकडा. पेटी भरताना नाव-तारखेचा चिठोरा (न्यू जर्सीच्या ताई, आभार. गड्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, आता तोच लिहितो). आठवड्याला एकच रील, गाण्याशिवाय. झेल्याच्या आवाजाची रील नाचाच्या रीलच्या पासंगालाही पुरली नाही बघणाऱ्यांच्या आकड्यात, पण तिच्यावरून आलेल्यांनी थेट 'ठाण्याला कधी पाठवता' असंच विचारलं. करपलेला मोहोरही टाकला. दोघांनी 'रडगाणं' म्हटलं, तसं होणारच होतं. फेसबुकला हात लावला नाही. मावसभाऊ फुगलाय.

साक्याचा व्हिडिओ केला. अडीच मिनिटांचा झाला, मधे कोंबडी येते. आकडेमोड म्हणाले तसा यूट्यूबला टाकला, आणि ताई म्हणाल्या तसा स्टेटसलाही, दोघांचंही ऐकलं. एकाने ऑर्डर रद्द केली. एका बाईंचा फोन आला, म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडूनच घेतलेल्या पेटीत असे दोन निघाले होते, तेव्हा आम्ही फसवलं असं वाटून पुन्हा घेतला नव्हता. यंदा दोन पेट्या घेतल्या.

एक अनपेक्षित झालं. अढीचा व्हिडिओ काढायचा होता. आई कॅमेरा बघितला की पदर तोंडावर घेऊन आत पळते. शेवटी नुसते हात घेतले. भाताच्या पेंढ्यावर एकेक आंबा ठेवते, मधूनच एक उचलून नाकाशी नेते आणि बाजूला काढते, 'हा उद्याचा', 'हा परवाचा'. मी काही बोललोच नाही. आता रोज कोणीतरी विचारतं, त्या काकूंनी निवडलेलीच पेटी द्या.

येवल्याची_सून

सगळी फळं सारखी म्हटलं होतं ते मागे घेते. काकूंना नमस्कार सांगा.

जुना_खोडरबर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अढीचा व्हिडिओ मी टाकला. बारा जणांनी नावं दिली आहेत. यादी कुठे पाठवू? पोस्टकार्ड चालेल का?

कातळावरचा

काका, चालेल हो! पण शुक्रवारच्या आत मिळायला हवं, म्हणून या खेपेला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठेतला_पाहुणा

पेटी काल पोचली. चिठोऱ्यावर माझं आडनाव चुकलंय, पण आंबे खरे आहेत. वरच्या थरातले चार अजून हिरवे आहेत. फ्रिजमध्ये ठेवू का?

कातळावरचा

नको नको! हिरवा आंबा फ्रिजमध्ये गेला की नीट पिकत नाही, चवही जाते. पेटीतून काढा, पेंढा किंवा कागद अंथरून हवेशीर जागी एका थरात ठेवा, देठाकडे वास आला की झालं. खायच्या आधी तास-अर्धा तास पाण्यात.

आणि वहीत लिहिलं. हा प्रश्न या आठवड्यात पाचव्यांदा आलाय.